चौदा पायऱ्यांचा कठडा

सेवा क्लबच्या सभागृहात भिंतीवर सहा ढाली होत्या. पाच चकचकीत आणि एक काळवंडलेली. त्या काळवंडलेल्या ढालीवर कोरलं होतं, 'दवाखान्याच्या चौदा पायऱ्यांना कठडा बसवल्याबद्दल, प्रांतातील सर्वोत्तम सेवाकार्य.' ढाल सात वर्षांपूर्वीची. दवाखाना दोन गल्ल्या सोडून. पायऱ्या मोजून चौदा. कठडा मात्र नव्हता.

हे क्लबात फक्त सेक्रेटरींना ठाऊक होतं. बाकीच्यांना ठाऊक नसण्याचं कारण अगदी साधं होतं. तो दवाखाना फुकट औषधं देणारा होता आणि क्लबातली मंडळी सेवा करणारी होती. तिकडे पाऊल टाकायची वेळ त्यांच्यातल्या कुणावर कधी आलीच नाही.

सेक्रेटरी खोटारडे होते असं कुणी समजू नये. विमा कंपनीच्या टपाल विभागात त्यांनी छत्तीस वर्षं काढली होती आणि एक पाकीट इकडचं तिकडे होऊ दिलं नव्हतं. झालं ते असं. सात वर्षांपूर्वी कठड्याचा ठराव एकमताने पास झाला. तेव्हा एक वेल्डर क्लबचा सभासद होता, त्याने काम अंगावर घेतलं. मग प्रश्न आला रंगाचा. निम्मे म्हणाले हिरवा, निम्मे म्हणाले निळा. तीन सभा रंगावर गेल्या. तिसऱ्या सभेत वेल्डर उठला, "तुमच्या डोक्याला फासा तो रंग," म्हणाला, आणि क्लब सोडून गेला. त्याच आठवड्यात वार्षिक अहवाल पाठवायचा होता. आज ना उद्या कठडा बसेलच, आणि अहवाल वाचतो कोण, असा पोक्त विचार करून सेक्रेटरींनी 'कठडा बसवण्यात आला' असं सुवाच्य अक्षरात लिहून टाकलं.

क्लबच्या इतिहासात पहिल्यांदाच कुणीतरी अहवाल वाचला. आणि ढाल आली.

ढाल आल्यावर, सेक्रेटरींनी दुसरा वेल्डर गाठला असेल असं बाकीच्यांनी धरून घेतलं आणि सगळंच अवघड होऊन बसलं. आता कठडा बसवायला जाणं म्हणजे निकाल लागल्यावर पेपर लिहायला बसणं. सेक्रेटरी गप्प राहिले. पहिलं वर्ष जड गेलं, दुसरं जरा कमी. तिसऱ्या वर्षापासून कधी कधी त्यांना स्वतःलाच वाटायचं, की असेल बुवा कठडा. फक्त ते दवाखान्याच्या गल्लीतून जाणं टाळत. भाजीला जातानासुद्धा लांबचा वळसा घेत. बायकोला सांगत, "चालणं होतं."

या वर्षी क्लबवर संकट आलं ते माणसांचं. नियम असा, की सभासद वीसच्या खाली गेले तर क्लब शेजारच्या क्लबात विलीन. एक सभासद मुलीकडे कायमचा राहायला गेला आणि उरले एकोणीस. दंतवैद्य अध्यक्ष होते. त्यांनी सभेत टेबलावर हात आपटला.

"दात एक पडला तरी कवळी बसवावी लागते. विसावा माणूस पाहिजे. आज!"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. तेवढ्यात सभागृहाचे शिपाई चहाचा ट्रे घेऊन आत आले. वय साठीचं, अंगात खाकी सदरा, खिशाला किल्ल्यांचा जुडगा. सगळे त्यांना मामा म्हणत. एकवीस वर्षं मामांनी प्रत्येक सभेला चहा दिला होता.

"मामा," अध्यक्ष म्हणाले, "मेंबर होता का?"

"झालो तर चहा कोण देणार?" मामांनी विचारलं.

"तुम्हीच."

"मग हरकत नाही."

अशा रीतीने मामा विसावे सभासद झाले. त्यांच्या सदऱ्याला बिल्ला लावण्यात आला आणि शपथ वाचून घेण्यात आली. 'मी सेवेचे काम स्वतःच्या हातांनी करीन' हे वाक्य मामा दोनदा वाचून बघायला लागले, तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "पुढे चला, पुढे चला, ते तसंच लिहिलेलं असतं."

बिल्ला लावून चारच दिवस झाले असतील, तोच प्रांतप्रमुखांचं पत्र आलं. वार्षिक मेळाव्याला ते स्वतः येणार होते. पत्राच्या शेवटी दोन ओळी होत्या. 'आपल्या सुप्रसिद्ध कठड्याची प्रत्यक्ष पाहणी करण्याची इच्छा आहे. आमच्या क्लबनेही तसाच उपक्रम केला असल्याने मापे ताडून पाहता येतील.'

मेळाव्याला अकरा दिवस होते.

अध्यक्षांना आनंद झाला. "आधी कठडा, मग भाषणं. कसं?" ते म्हणाले. सेक्रेटरी "छान" म्हणाले आणि बाहेर येऊन जिन्यात बसले. छत्तीस वर्षांत एक पाकीट न हरवलेल्या माणसाचं नाव अकरा दिवसांनी एकोणीस लोकांसमोर मातीत जाणार होतं. एकोणीस कसले, बायको धरून वीस. ढाल आली तेव्हा तिने दोन्हीकडच्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं होतं.

"साहेब, चहा," मामा जिन्यात आले.

"नको."

"रेलिंगचं टेन्शन आलंय ना?"

सेक्रेटरींनी वर पाहिलं. "कसलं रेलिंग?"

"जे नाही ते," मामा म्हणाले आणि कप त्यांच्या हातात दिला.

"तुम्हाला... कधीपासून माहितीय?"

"पहिल्यापासून. आमच्या घरी औषधं तिथूनच येतात. ढाल आली त्या दिवशी संध्याकाळी गेलो होतो मुद्दाम, बसवलं का बघायला. म्हटलं, सकाळी नव्हतं, दुपारी बसवलं असेल." मामा एक पायरी खाली बसले. "तिसऱ्या वर्षी आमची मंडळी तिथंच घसरली. नवव्या पायरीवरनं. मनगट मोडलं. तेव्हापासून ती एक ढाल मी पुसत नाही. बाकीच्या पाच पुसतो."

सेक्रेटरींना वाटायचं, त्या ढालीचं पितळच हलकं असावं.

"अहो मामा, मग बोलायचं तरी! सात वर्षं..."

"मी मेंबर कुठं होतो?" मामा म्हणाले. आवाजात राग वगैरे काही नव्हता. पाणी कधी येतं ते सांगावं तसं सांगितलं. "आता झालोय. उद्या दुपारी मोकळे आहात का?"

दुसऱ्या दिवशी मामा त्यांना वेल्डरच्या दुकानी घेऊन गेले. क्लब सोडलेला तोच तो वेल्डर. सेक्रेटरींना बघून त्याने चष्मा कपाळावर चढवला.

"काय, रंग ठरला का?"

"ठरेल," सेक्रेटरी पडेल आवाजात म्हणाले. "दहा दिवसांत कठडा मिळेल का?"

"दहा दिवसांत? माझ्याकडे चार गेटं पडून आहेत. महिन्याने या."

"नवीन नकोच आहे," मामा मध्येच म्हणाले. "मागचं जुनं द्या."

दुकानाच्या मागच्या अंगाला, जिथे वेल्डरच्या बायकोने वेल चढवला होता, तिथे त्या वेलाखाली सात खांब आणि दोन लांब पाइप उभे होते. मापं घेऊन कापलेले, तळपट्ट्या जोडलेले, गंजून तपकिरी झालेले. क्लबशी भांडण झालं त्या दिवशी वेल्डरने ते इथे आणून टाकले होते. वेल सात वर्षं त्यांच्या आधारावर सुखाने वाढला होता. एकूण त्या कठड्याने आजवर आधार दिला नव्हता असं म्हणता येत नाही.

"न्या," वेल्डर म्हणाला. "वेल तेवढा तुम्ही सोडवा. मी हात लावला तर बायको मला घरात घेणार नाही."

वेल सोडवायला एक दुपार गेली. मग पॉलिशपेपरने गंज घासणं. सेक्रेटरींनी आयुष्यात टपालाच्या शिक्क्याहून जड वस्तू उचलली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांची बोटं मिटेनात. बायकोने जेवताना पाहिलं.

"अहो, नखांत लाल लाल काय आहे?"

"सेवा," सेक्रेटरी म्हणाले.

"साबणाने जाते का बघा."

दवाखाना दुपारी एक ते चार बंद असे. तेवढ्या वेळात भोकं पाडायची, बोल्ट ठोकायचे. पहिल्या दिवशी दवाखान्याच्या नर्सबाई दारात उभ्या राहिल्या. सेक्रेटरी परवानगीचं बोलणार, तोच बाई म्हणाल्या, "परवानगी केव्हाच दिलीय की! सात वर्षं फायलीत पडून आहे. मला वाटलं, तुम्ही लोक सावकाश काम करता."

मामा ड्रिल चालवत आणि सेक्रेटरी खांब सरळ धरत. एवढंच त्यांचं काम, पण ते अवघड होतं. खांब वाकडा झाला की मामा मशीन थांबवून नुसतं बघत. नवव्या पायरीवर आल्यावर मामांनी भोक जरा जास्त खोल पाडलं. का, ते सेक्रेटरींनी विचारलं नाही. तो खांब त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

रंगाचा वाद झाला नाही. सभागृहाच्या खिडक्यांना लावून उरलेला करडा रंग मामांकडे होता, तोच लावायचा ठरला. पण हवा ढगाळ होती. आदल्या दिवशी चार वाजता शेवटचा हात मारला आणि मेळाव्याच्या दिवशी सकाळी बोट लावून पाहिलं तर बोट करडं.

"'रंग ओला आहे' असा बोर्ड लावू," मामा म्हणाले.

"छे! सात वर्षं जुना कठडा ओला कसा असेल?"

"पण ओला आहे ना."

"मामा, आपण कुणाला हात लावू द्यायचा नाही. लांबून दाखवायचा. दर वर्षी रंगवतो असं सांगू. मी बघतो."

मामांनी बोर्ड परत पिशवीत घातला. "तुम्ही सेक्रेटरी," एवढंच म्हणाले.

अकरा वाजता प्रांतप्रमुख आले. उंच, घारे, कोटाला तीन बिल्ले. सभागृहात शिरताच त्यांची नजर ढालींकडे गेली. सहाच्या सहा चकचकीत होत्या. मग प्रांतप्रमुख आणि वीस सभासद अशी वरात दवाखान्याकडे निघाली. सेक्रेटरी आणि मामा सोडले तर सगळेच आपला कठडा आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते, पण प्रत्येकाचा चेहरा जुनी ओळख असल्यासारखा.

"वा!" अध्यक्ष म्हणाले. "काय टिकलाय बघा! अगदी नवा दिसतो."

"दर वर्षी रंगवतो," सेक्रेटरी म्हणाले. "जरा लांबूनच बघू या, पेशंटची ये-जा असते."

आणि खरोखरच वरून एक पेशंट उतरू लागल्या. डाव्या हातात औषधांची पिशवी, उजवा हात कठड्यावर. एकेक पायरी, सावकाश, पण कुठे न थांबता. नवव्या पायरीवर मात्र त्या थांबल्या, खाली बघितलं, आणि पुन्हा उतरल्या. शेवटच्या पायरीवर त्यांनी तळहात उलटा करून पाहिला. हात मनगटापर्यंत करडा.

"अहो!" त्यांनी गर्दीतल्या मामांना हाक मारली. "ओला आहे की हा अजून!"

"तुला सांगितलं होतं ना, उद्या ये म्हणून."

"गोळ्या आज संपल्या, मी उद्या कशी येऊ? आणि एवढा राबून बसवलात, तर एक बोर्ड लावायला काय झालं होतं?"

अध्यक्षांनी करड्या हाताकडे पाहिलं, कठड्याकडे पाहिलं आणि सेक्रेटरींकडे पाहिलं.

"दर वर्षीचा रंग आहे ना हा?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. मामा काही बोलणार नव्हते. सात वर्षं बोलले नव्हते, ते आज कशाला बोलतील? सेक्रेटरींनी मामींच्या हाताकडे पाहिलं. रंगाखाली मनगट किंचित वाकडं दिसत होतं.

"नाही," ते म्हणाले. "कठडा काल बसला. मामांनी बसवला, मी खांब धरले. सात वर्षांपूर्वी अहवालात लिहिलं ते मी एकट्याने लिहिलं होतं, तेव्हा इथे काही नव्हतं. बोर्डसुद्धा मीच लावू दिला नाही. ढाल परत घेऊन जा." मग मामींकडे वळून म्हणाले, "वहिनी, तुमच्या मनगटाचं मला या महिन्यात कळलं. पण ते माझ्यामुळेच मोडलं."

"घसरले मी," मामी म्हणाल्या. "पण असतं तर धरलं असतं, हे खरं. घरी रॉकेल आहे का हो, हात पुसायला?"

वरात घोटाळली. कुणी घसा खाकरला, कुणी घड्याळ पाहिलं. अध्यक्षांचा चेहरा दाढ ठणकल्यासारखा झाला होता. शेवटी प्रांतप्रमुख म्हणाले, "आपण सर्व सभागृहात चला. मी या दोघांशी बोलून येतो."

मंडळी गेली. सेक्रेटरी मान खाली घालून उभे राहिले. सदऱ्याचा बिल्ला त्यांनी आपणहून काढून हातात घेतला होता, कुणी काढायला नको म्हणून.

प्रांतप्रमुखांनी गल्लीच्या दोन्ही टोकांना नजर टाकली. मग कोटाच्या आतल्या खिशातून टेप काढली आणि वाकून पहिल्या दोन खांबांमधलं अंतर मोजलं.

"बोल्ट कोणते वापरले?"

मामांनी सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

"सगळं मिळून किती दिवस लागले?"

"दहा," सेक्रेटरी म्हणाले. "पण खांब आधी कापलेले होते."

प्रांतप्रमुखांनी वही मिटली. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"आमच्या कठड्याच्याही पाहणीला वरचे अध्यक्ष यायचेत. माझ्याकडे आठच दिवस आहेत."

सेक्रेटरींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग मामांकडे पाहिलं. मामा खाली बसून पिशवीत काहीतरी शोधत होते. 'रंग ओला आहे' हा बोर्ड काढून त्यांनी पहिल्या खांबाला सुतळीने बांधला, गाठ ओढून बघितली, आणि उठताना विचारलं,

"पायऱ्या किती?"