आवश्यक आडनावाची माणसं

“हे सगळे एकाच घराण्यातले दिसतात बाई,” असं म्हणून चाळणीनं चष्मा वर सरकवला. “आडनाव आवश्यक. खाली परत आवश्यक. पानभर आवश्यकच आवश्यक!”

शेजारच्या टेबलावरची पेन्सिल हसली. “ताई, नका एवढा जीव लावू. खोटी खाती आहेत ती. साहेबांनी सांगितलंय ना, सगळ्यांवर एकदम खूण करा आणि मोकळ्या व्हा.”

चाळणी हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. एकोणीस वर्षं ती या कचेरीत लोकांनी भरलेली माहिती तपासत होती आणि तिच्या नजरेतून बारीकसा खडाही सुटत नसे, म्हणून हे नाव. पेन्सिल म्हणजे ॲपचे पडदे आखणारी मुलगी. अंगकाठी तशीच आणि अंबाड्यात खोचलेलीही पेन्सिलच, तेव्हा दुसरं नाव कुणाला सुचणार?

ॲप होतं दवाखान्यात नंबर लावायचं. एका शहरापुरतं निघालं होतं, ते आता एकतीस देशांत आणि चौदा भाषांत चालत होतं. म्हणून त्याचा मुखडा नव्यानं घडवायचं काम जोरात होतं. उजवीकडून डावीकडे वाचणाऱ्यांसाठी पेन्सिलनं सगळे बाण उलटे फिरवले होते, कापऱ्या हातांसाठी बटणं मोठी केली होती. सोमवारी नवी मांडणी सगळीकडे एकदम सुरू व्हायची होती आणि त्याआधी जुना कचरा काढायचा होता. कचरा म्हणजे खोटी खाती. चाळणी ज्याच्यावर ‘खोटं’ अशी खूण करील त्याचं खातं बंद, आणि त्यानं लावलेला नंबर मागच्याला.

‘आवश्यक’ होते सात हजार चारशे. नंबर अडवून ठेवणाऱ्या दलालांनी यंत्राकडून ही नावं भरून घेतली असणार, असं साहेबांचं म्हणणं. एक बटण दाबायचा अवकाश होता. चाळणीनं त्यावर बोट ठेवलंही. मग सवयीनं, निव्वळ सवयीनं, एक खातं उघडून पाहिलं.

हा आवश्यक दर सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिसला जात होता. पाच वर्षं, एकही वार न चुकता. तिनं दुसरं खातं उघडलं. या आवश्यकबाईंना मानेवर गळू झालं होतं. ते बरं झालं आणि पुन्हा झालं. तिसरी आवश्यक गरोदर होती. चौथ्याला कमी ऐकू येत होतं आणि त्यानं शेरा लिहून ठेवला होता की नंबर आला की जरा मोठ्यानं ओरडा.

“अगं,” ती पेन्सिलला म्हणाली, “खोट्या माणसाला गळू कशाला होईल? तेही दोनदा?”

पेन्सिल उठून आली. कुठल्याही भाषेतला मजकूर संगणक चाळणीच्या भाषेत करून दाखवत असे, म्हणून तिला सगळीकडे एकच शब्द दिसत होता. पेन्सिलनं मूळ मजकुराचा रकाना उघडून दिला. तिथे एक शब्द नव्हताच. चौदा होते. काही अक्षरं लोंबणारी, काही ठोकळेबाज, काही नुसती टिंबं आणि रेघा.

“यंत्रानं भरलं असतं तर एकाच भाषेत भरलं असतं,” पेन्सिल हळूच म्हणाली.

जगाच्या पाठीवर कुठे कुठे राहणाऱ्या, एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या सात हजार चारशे माणसांनी कुणाला न विचारता एकच आडनाव लावलं होतं. हे कसं झालं ते काही केल्या चाळणीला उमगेना. त्या दिवशी तिनं बटण दाबलं नाही. एकोणीस वर्षांत हाती घेतलेलं काम तिनं अर्धं टाकलं ते पहिल्यांदाच.

घरी नवरा गुडघ्याला शेक देत बसला होता. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस, पण स्वतःच्या गुडघ्याच्या दुरुस्तीचं नाव काढलं की टाळाटाळ. चाळणीनं त्याच्या हातात फोन दिला.

“अहो, नंबर लावा बघू दवाखान्याचा. मी काही सांगणार नाही. तुमचं तुम्ही करा.”

“हे काय नवीन खूळ?” म्हणत त्यानं फोन हातभर लांब धरला आणि एका बोटानं आपलं नाव घातलं. पुढच्या चौकटीपाशी तो थबकला. “कुटुंबनाम. म्हणजे काय गं?”

चाळणीनं नुसतं फोनकडे बोट दाखवलं.

“कुटुंब म्हणजे तू. आमचे वडील आईला कुटुंबच म्हणायचे. पण गुडघा माझा दुखतोय, तुझं नाव त्यांना कशाला हवं?” असं म्हणून त्यानं चौकट कोरी सोडली आणि पुढचं बटण दाबलं. चौकट लालभडक झाली.

“चिडलं की हे! काय म्हणतंय... आवश्यक.” त्यानं जरा विचार केला. “अस्सं. आवश्यक लिहायचंय होय! मग आधीच सांगायचं ना.” आणि एकेक अक्षर शोधून त्यानं चौकटीत ‘आवश्यक’ असं लिहिलं. चौकट हिरवी झाली. “हा बघ, लागला नंबर. उगाच लोक म्हणतात अवघड आहे.”

चाळणीनं कपाळाला हात लावला आणि ती हसत सुटली. हसता हसता तिचे डोळे भरून आले, तेव्हा नवरा घाबरला. “अगं, चुकलं का काही?”

“तुमचं नाही हो चुकलं,” ती म्हणाली. “तुमचं काहीच चुकलं नाही.”

दुसऱ्या दिवशी गुरुवारची बैठक होती. साहेबांसमोर तिनं आजवर कधी ब्र काढला नव्हता. बैठकीत तिची जागा दाराजवळची. ती उभी राहिली तेव्हा पाणी हवं असेल असं वाटून साहेबांनी तांब्याकडे बोट दाखवलं.

“साहेब, ती माणसं खरी आहेत,” चाळणी म्हणाली. “आडनावाच्या जागी आपण कुटुंबनाम असं लिहिलंय, तो शब्द त्यांना कळला नाही. चौकट लाल झाली. शेजारी आवश्यक असं लिहिलं होतं, म्हणून बिचाऱ्यांनी आवश्यक लिहिलं. आपण सांगितलं तेवढं त्यांनी केलं. आणि आता आपणच त्यांना खोटं ठरवायचं?”

“चौदाही भाषांत?” साहेबांनी विचारलं.

“चौदाही भाषांत तो शब्द असाच पुस्तकी आहे,” पेन्सिल म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. “सहा वर्षांपूर्वी मीच ठेवला होता. माझं पहिलंच काम होतं ते.”

साहेब माणूस वाईट नव्हते. सोमवार जवळ आला होता एवढंच. “बाई, त्यात खरेच दलाल असले तर?”

“विचारू या ना त्यांनाच.”

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. “उद्या चार वाजेपर्यंत. निम्म्यांनी जरी उत्तर दिलं तरी एकाही खात्याला हात लावणार नाही. नाहीतर बटण दाबायचं. तुम्हीच दाबायचं.”

मजकूर चाळणीनं सांगितला आणि पेन्सिलनं उतरवून घेतला. ‘तुमचं नाव लिहून घेताना आमची चूक झाली. घरीदारी तुम्हाला ज्या नावानं ओळखतात ते पूर्ण नाव इथे लिहा. एकच असलं तरी चालेल.’ खाली एकच चौकट होती, हवी तेवढी लांब होणारी. लाल होण्याची सोय पेन्सिलनं काढून टाकली.

शुक्रवारी सकाळी दोघी आल्या तेव्हा आठशे उत्तरं येऊन पडली होती. मग एकेका देशात जसजसं उजाडत गेलं तसतशी आणखी येत गेली. कुठे कुणी नुकतं उठलं असेल, कुणी कामाला निघालं असेल, आणि जाता जाता आपलं नाव सांगून जात होतं. एक नाव नऊ शब्दांचं होतं, बापाचं, आजाचं, पणजाचं सगळ्यांचं नाव गुंफलेलं. एक नाव एका अक्षराचं. एका बाईनं लिहिलं होतं, ‘मला एकच नाव आहे, आजवर पुरलं.’ कुणी विचारत होतं, शाळेतलं सांगू की घरातलं? एका म्हातारीनं कळवलं होतं, ‘मला लिहिता येत नाही, नात लिहिते आहे. ती म्हणते माझं नाव छान आहे.’

चाळणी वाचत राहिली. एकोणीस वर्षं तिच्या डोळ्यांखालून लाखो नावं गेली होती, पण ती तिला तपासायची असत. आज पहिल्यांदाच ती तिला कुणीतरी सांगत होतं. जग एवढं मोठं आहे हे तिला ठाऊक होतं. ते एवढं भरलेलं आहे हे ठाऊक नव्हतं.

दीड वाजता आकडा तीन हजार सातशेच्या पुढे गेला. साहेब बघायला म्हणून आले, उभ्यानंच दोन-चार नावं वाचली आणि खुर्ची ओढून बसले. बराच वेळ बसले. उठताना म्हणाले, “राहू द्या सगळी खाती,” आणि पेन्सिलच्या टेबलावर टिचकी मारून गेले. पेन्सिलनं तोंडावर दोन्ही हात घेतले.

चारच्या सुमाराला एक उत्तर आलं.

‘हे माझ्या नवऱ्याचं खातं. तो मागच्या महिन्यात वारला. दवाखान्यात त्याला आवश्यक म्हणूनच पुकारायचे आणि तो निमूट उठून जायचा. मी म्हणायची, सांग की त्यांना खरं नाव. तो म्हणायचा, असू दे, त्यांना गडबड असते. त्याचं नाव खाली लिहिलं आहे. त्याचा नंबर आता दुसऱ्या कुणाला द्या.’

माणूस गेला की खातं बंद करायचं, हा नियम होता आणि तो बरोबरच होता. चाळणीनं ते खातं उघडलं. नाव उचलून चौकटीत चिकटवलं तर शेवटच्या अक्षराखालचा ठिपका गळत होता. जुन्या मांडणीत चिकटवलेल्या नावातले असे ठिपके टिकत नसत, ते हातानंच द्यावे लागत. तिनं त्या लिपीची अक्षरपाटी पडद्यावर आणली आणि एकेक अक्षर हुडकायला लागली.

“ताई,” पेन्सिल म्हणाली, “बंदच करायचंय ना ते? मग आता नाव कशाला बदलता?”

चाळणीनं संगणकाला ते नाव म्हणायला लावलं, एकदा आणि पुन्हा एकदा, आणि मग स्वतः हलक्या आवाजात म्हणून पाहिलं. मागून पेन्सिलनंही म्हटलं. आडनावाच्या जागेवरून ‘आवश्यक’ पुसून तिनं तिथे त्या माणसाचं नाव लिहिलं, बाईनं लिहिलेल्या नावाशी अक्षर अक्षर ताडून बघितलं. ठिपका राहिला होता. तो दिला, आणि मग खातं बंद केलं.