आईच्या व्हॉल्वला आपत्ती

आईच्या छातीत घड्याळ आहे, असं मी नर्सरीत सगळ्यांना सांगून टाकलं होतं. टीचरनी घरी फोनच केला! पण ते तसं खोटं नव्हतं. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी, १९९९ मध्ये, आईच्या हृदयात धातूचा व्हॉल्व बसवलाय. दुपारी पंखा बंद असला की त्याची टिकटिक ऐकू येते. मी तिच्या कुशीत ती मोजत झोपायचे. शंभरापर्यंतचे आकडे मी शाळेत नाही, तिथे शिकले.

परवा इथल्या हज़रतगंज भागातल्या डॉक्टरांनी सांगितलं, व्हॉल्वभोवती मांस वाढलंय, झडप पुरती उघडत नाही. दुसऱ्यांदा ऑपरेशन म्हणजे धोका आहेच. पण थांबलं तर हृदय थकत जाईल. "सोचकर बताइए," म्हणाले आणि संमतीचा फॉर्म वाचायला दिला.

घरी येताच आई म्हणाली, "मी नाही बदलणार. सत्तावीस वर्षं बिचारा एक दिवस रजा न घेता चाललाय."

"रेल्वेतसुद्धा जुनं इंजिन काढतात, लतिका," बाबा म्हणाले. बाबा रेल्वेत इंजिनिअर आहेत.

"मग तुम्हीच बसवून घ्या नवीन!"

खरं सांगू? मीही मनातून आईच्याच बाजूची होते. नवा व्हॉल्व तसाच वाजेल कशावरून?

वाद थांबावा म्हणून मी फॉर्म मोठ्यानं वाचायला घेतला. "मुझे इस ऑपरेशन से कोई आपत्ति नहीं है…"

आई फस्सकन हसली. "मृणाल, बाबांना विचार, पहिल्या ऑपरेशनच्या वेळी काय केलं होतं!"

"राहू दे ना," बाबा लाजले.

"साताऱ्याहून नुकतेच इकडे उत्तरेत आलेले. हिंदीत आपत्ती म्हणजे हरकत, हे कुठे माहीत? यांना वाटलं, संकट! मला आत नेतायत आणि हे डॉक्टरांना म्हणतात, मी कसं लिहू? तुम्हीच लिहून द्या, कोई आपत्ति नहीं होगी! डॉक्टर विचारतात, आपको आपत्ति है क्या? तर हे म्हणतात, है, बहुत बड़ी है!"

"अर्धा तास ऑपरेशन थांबवलं त्यांनी," बाबा पुटपुटले.

"यार बाबा!" मी तर लोळायलाच लागले. आईही हसत होती. मग एकदम तिचं हसणं तुटलं. तिनं ओट्याची कड धरली. तोंड हसरंच होतं, पण श्वास मिळत नव्हता. बाबांनी तिला खुर्चीवर बसवलं. मी पाणी घेऊन उभी राहिले. टिकटिक भराभर वाजत होती आणि पहिल्यांदाच मला ती नकोशी झाली.

श्वास परत आल्यावर आई म्हणाली, "अहो, एवढंसं हसताही येईना मला."

बाबा तिची पाठ चोळत राहिले.

"आई, बदल ना तो," मी म्हटलं. "मला कसाही आवाज चालेल. नाही आला तरी चालेल."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, मग बाबांकडे.

"डॉक्टरांना उद्याच फोन करा. आणि तारीख लवकरची मागा. हिच्या प्री-बोर्ड परीक्षेच्या वेळी हिच्यावर ओरडायला मला पुरता दम हवाय."