कार्डाचा चौथा कोपरा

रामकिशन सरवदे मंडपाच्या दाराशी रांजणातलं पाणी पीत उभा होता, आणि रेणुकादास सरांच्या हातातल्या स्मरणिकेत तो सात महिन्यांपूर्वी वारला होता.

सरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि पुन्हा लावला. माणूस तोच. डाव्या भुवईवरचा व्रण तोच, आणि पेला ओठांना न लावता वरून पाणी ओतून घेण्याची सवयही तीच. केस मात्र कानांवर पांढरे झाले होते.

कॉलेजला पंचवीस वर्षं झाली म्हणून माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरला होता. मुहूर्त असा की, दुष्काळाचं दुसरं वर्ष. गोदावरीच्या काठचं नांदेड, पण मेळाव्याला पाणी टँकरचं. साडेदहा वाजले होते. अकराला सरांनी व्यासपीठावर उभं राहून 'आमचे दिवंगत' हे पान वाचायचं होतं. नऊ नावं, प्रत्येकाला चार ओळी. सगळं लेखन सरांचंच, आणि निम्म्या प्रती वाटूनही झालेल्या.

पळून जायला जागा असती तर सर खरोखरच पळाले असते. नव्हती, म्हणून ते पुढे गेले.

"रामकिशन?"

"जय भीम, सर! वळखलंत की. पहाटं निलंग्याहून निघालो, लातुरात एश्टी बदलली. म्हटलं तुम्ही गेलेल्यांची नावं वाचणार, तर ऐकायला जावं." त्याने पेला रांजणावर पालथा ठेवला. "माझं कार्ड पोचलं व्हतं न्हवं?"

"पोचलं होतं," सर म्हणाले.

ते खोटं नव्हतं. कार्तिकात पोस्टमनने अंगणात कार्ड हातात दिलं, त्याचा एक कोपरा फाडलेला होता. असं कार्ड मयताची बातमी आणतं, त्याला उंबऱ्याच्या आत घ्यायचं नसतं, बाहेरच वाचून फाडून टाकायचं असतं. पंचवीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाने असल्या गोष्टींना हसावं, आणि वर्गात सर हसतही. पण दारात पत्नी कुसुमताई उभ्या होत्या. "आत नका आणू हं," त्या म्हणाल्या. चष्मा आत टेबलावर होता. बिनचष्म्याच्या डोळ्यांना पहिली ओळ तेवढी लागली, 'आपला विद्यार्थी रामकिशन सरवदे'. फाटका कोपरा आणि हे नाव. सरांनी निष्कर्ष काढला, डोळे पुसले, कार्डाचे तुकडे करून नालीत टाकले आणि वर अंघोळही केली.

"आमच्या तारामतीचं नाव कितव्या पानावर हाय, सर?" रामकिशनने विचारलं.

कार्ड कुणाच्या मयताचं होतं ते सरांना आत्ता कळलं. स्मरणिका पाठीमागे लपवावी असं त्यांना वाटून गेलं, पण रामकिशनने ती हळूच काढून घेतली होती. तो बोट ठेवून एकेक नाव वाचत खाली आला. आठव्या नावाशी बोट थांबलं.

"सर, म्या हाय की."

मग त्याने पान पुन्हा वरून खालपर्यंत वाचलं. स्वतःच्या नावावरून त्याचं बोट सरळ पुढे गेलं. तो तिलाच शोधत होता.

"ती न्हाई ह्यात," तो म्हणाला. मग काहीतरी बोलायचं म्हणून, "आन् माझ्या नावाखाली जिल्हा बी जुनाच छापलाय. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली की."

"मी ते कार्ड वाचलंच नाही, रामकिशन," सर म्हणाले. "कोपरा पाहिला, तुझं नाव पाहिलं, आणि फाडून टाकलं. माझ्या हातून पाप झालं."

"आमच्यात कोपरा फाडीत न्हाईत, सर. धर्म बदलला तवाच सोडलं हे सगळं. पण कार्ड तुमच्या घरी जायचं व्हतं. बाईंना वाईट वाटू ने, म्हणून म्याच फाडला."

तेवढ्यात मेळाव्याचे सचिव अनंतराव वकील लगबगीने आले. झाला प्रकार ऐकून त्यांनी आधी कपाळाला हात लावला आणि मग वकिलासारखा तोडगा काढला.

"आठवं नाव गाळा, सर. कुणी इचारलं तर छपाईची चूक."

"आणि तारामती?"

"ती कुठली आपली माजी विद्यार्थिनी? वर्षभर होती, बहात्तरच्या दुष्काळात सोडून गेली. रजिस्टरात पास झालेलेच हायत. उद्या अशी पन्नास नावं येतील. काय करून राहिलात सर तुम्ही, पाहुणे आलेत!"

रामकिशनने वाद घातला नाही. तो आपल्यावरच्या चार ओळी वाचत होता. बहात्तर साली खडीच्या कामावर दुपारच्या सुट्टीत अंगठेबहाद्दर बायकांना सही शिकवणारा हा तरुण, असं काहीसं सरांनी मोठ्या मायेने लिहिलं होतं. कॉलेजचं शिबिर घेऊन गेले तेव्हा त्यांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"हे म्या न्हाई केलं, सर. म्या नुसती पाटी धरायचो. शिकवायची ती. तुम्ही आलता, तवा तुमच्याकडं पाठ करून बसली. कालिज सोडलं म्हणून लाजली व्हती."

सरांना ती पाठ आठवली. मातकट लुगड्यातली, खडीच्या ढिगाशी बसलेली एक बाई. तिला त्यांनी शिकणाऱ्यांत धरलं होतं.

अनंतरावांच्या टेबलावर कोऱ्या कार्डांची चळत होती. सरांनी एक उचललं आणि रामकिशनपुढे ठेवलं.

"लिही. तेव्हा लिहिलं होतंस तेच."

"सर, अकरा वाजत आले," अनंतराव म्हणाले.

"वाजू द्या."

रामकिशनने उभ्याउभ्याच लिहिलं. कुठे अडला नाही, इतकं ते त्याला पाठ होतं. लिहून झाल्यावर त्याची दोन बोटं आपसूक कोपऱ्याकडे गेली. सरांनी त्याचा हात धरला.

"राहू दे."

व्यासपीठावर सरांनी सात नावं स्मरणिकेतून वाचली. आठव्याला स्मरणिका मिटली आणि खिशातून कार्ड काढलं. मंडपात पानांची सळसळ झाली. पहिल्या रांगेतले अनंतराव खाली मान घालून बसले.

"आपला विद्यार्थी रामकिशन सरवदे याचा जय भीम," सर वाचू लागले. "कळविण्यास दुःख होते की माझी पत्नी, आपली विद्यार्थिनी तारामती, काविळीने गेली. ती आपल्याकडे एकच वर्ष होती. आमच्या गावातल्या एकोणचाळीस बाया तिच्यामुळे सही करतात. हजेरीला आपण तिचे पूर्ण नाव घेत होता. पुढे तिला कुणी तसे हाकारले नाही. गावात ती रामकिशनची बायको होती. ती बोलून दाखवायची. कधी दिवंगतांची आठवण काढलीत तर तेवढे एकदा घ्यावे."

सरांनी कार्ड खाली केलं. हे नाव त्यांना वाचावं लागलं नाही.

"तारामती साहेबराव ढवळे."

आणि जुन्या सवयीने त्यांनी मान वर करून वर्गाकडे पाहिलं. शेवटच्या रांगेत रामकिशन उभा राहिला होता. मग त्याच्या आजूबाजूचे उठले, मग सगळेच. नववं नाव वाचायला सरांना थोडा वेळ लागला.

दुपारी ते घरी आले तेव्हा कुसुमताई दारातच होत्या.

"हातात काय आहे?"

"कार्ड. मयताचं."

कुसुमताईंनी पाहिलं. चारही कोपरे जागच्या जागी होते. त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"कुणाचं?"

"माझ्या विद्यार्थिनीचं. कार्तिकात आलं होतं."

त्यांची नजर एकदा उंबऱ्यावर गेली. मग पदराला हात पुसून त्यांनी कार्ड घेतलं आणि ते वाचायला खिडकीपाशी, उजेडात, आत गेल्या.