नसलेल्या बाळाची क्षमा

मार्गशीर्षातली सोनसळी, संथ, सुशांत सकाळ. खाडीच्या नीलहरित पाण्यावर ऊन उतरलेलं, काठच्या माडांच्या सावल्या त्या पाण्यात विरघळत चाललेल्या. पडवीत गोधडी पांघरून मैथिली बसली होती. कालच अंतानं, तिच्या नवऱ्यानं, तिला दवाखान्यातून घरी आणलं होतं. पोट रिकामं करून.

तिला बाळ नको होतं. हे एकट्या तिलाच ठाऊक होतं. किती वर्षं वाट पाहिल्यावर खाडीपलीकडच्या शाळेत नोकरी लागली, आणि तेवढ्यात चाचणीच्या पट्टीवर दोन गुलाबी रेघा उमटल्या. तेव्हापासून नारळ खोवताना, वेणी घालताना, ती मनातल्या मनात पोटाला सांगायची, नको. आत्ता नको. रोज सांगायची.

आणि आत, त्या अरुणवर्ण, अबोल अंधारात काय चाललं होतं?

गर्भ म्हणजे आरंभी पेशींचा इवलासा गोळा. आतल्या पेशींचं बाळ होतं. बाहेरच्या पेशी कधीच बाळ होत नाहीत. शास्त्र त्यांना पोषकोरक म्हणतं. त्याच आधी गर्भाशयाच्या रक्तमृदू भिंतीला भिडतात, तिच्यात रुजतात, आईच्या रक्ताशी सोयरीक जुळवतात. कुणीतरी येतंय, अशी वर्दी त्याच देतात. त्या दोन रेघा म्हणजे त्यांचीच वर्दी. पुढे त्यांचीच वार होते, बाळाला पोसते, आणि बाळ जन्मलं की बिचारी मातीत पुरली जाते. तिचं कुणी बारसं करत नाही.

मैथिलीच्या पोटी त्या आल्या. रुजल्या, राबल्या, वेड्यासारख्या वाढत राहिल्या. द्राक्षांच्या घोसासारख्या फुगल्या. पण ज्याच्यासाठी एवढी धावपळ, तो पाहुणा निघालाच नव्हता. बीजच रितं होतं.

"तुमचं काही चुकलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "आत बाळ कधी नव्हतंच, मैथिली."

मैथिलीनं मान हलवली होती. पण मन कुठलं ऐकतंय! मी नको म्हटलं म्हणून ते आलं नाही, असंच ते म्हणत राहिलं. माफी मागावी तर कुणाची, तेही कळेना. ज्याला दुखावलं, ते तर नव्हतंच.

सासू, भागीरथी, कढत पेज घेऊन आली. तिचे डोळे रडून सुजलेले. वाडगा खाली ठेवून ती सुनेच्या पायांशीच बसली.

"बाये, माझाच चुकला. गिराणाच्या दिसा मीच तुका भेंडी चिरूक सांगलंय. पोटुशी बायलेन गिराणात सुरी धरूची नाय, ह्या माका ठावक आसान इसारलंय. माझ्यामुळा गेला ता."

मैथिलीनं पेजेचा वाडगा बाजूला सारला. गप्प राहिलं असतं तर सगळं निभावलं असतं. सासू आपल्या ग्रहणाला दोष देत म्हातारी झाली असती. पण त्या सुजलेल्या डोळ्यांसमोर तिला गप्प राहवेना.

"आई, तुमचा काय चुकूक नाय. माका पोर नको होता. मी रोज नको म्हणत होतंय."

पडवीत नि:शब्द, निश्चल ऊन. माडांवर वारासुद्धा थांबलेला. मैथिली मान खाली घालून शिव्यांची वाट पाहत राहिली. मग भागीरथीचा खरबरीत हात सुनेच्या गुडघ्यावर आला.

"मीपण म्हटललंय, बाये," ती हळूच म्हणाली. "अंताच्या वेळाक. रोज म्हणत होतंय, नको रे देवा, नको."

मैथिलीनं चमकून वर पाहिलं. खाली खाडीत, कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून अंता होडी काठाला ओढत होता. रुंद खांद्यांचा, घामाघूम, भसाड्या आवाजात गात. दोघी त्याच्याकडे पाहत राहिल्या. ऊन त्याच्या ओल्या पाठीवर होतं, केसांवर होतं, आणि तो गातच होता.