वाळूच्या डब्यातला शेवटचा भाग

मित्रांनो, जरा जवळ या, पण फार जवळ नको. मी एक जुना मोबाइल फोन आहे आणि सध्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, वाळूत गळ्यापर्यंत पुरलेला आहे. डबा गॅलरीत पुदिन्याच्या कुंडीशेजारी ठेवलाय. घरातल्या कुणीही त्याला हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद आहे. माझी बॅटरी फुगली आहे आणि ती कधी पेट घेईल हे मलाही सांगता येत नाही. घाबरू नका. म्हणजे घाबरा, पण पळून जाऊ नका. तुमच्यापैकी काहीजण आवडत्या मालिकेतली, पुस्तकातली माणसं घेऊन स्वतःच्या मनाने पुढची गोष्ट लिहितात आणि काहीजण ती चवीने वाचतात. तुम्ही त्याला फॅनफिक्शन म्हणता. मी त्याला रिकामटेकडेपणा म्हणायचो. आता नाही म्हणत.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथला पांढरा उजेड आणि हातमोजे घातलेली बोटं, एवढंच मला आठवतं. पुढे मार्केट यार्डातले बटाट्याचे अडते अकबरभाई यांनी मला विकत घेतलं आणि माझं नशीब मातीला लागलं. अक्षरशः मातीला! त्यांच्या अंगठ्याला सदा बटाट्याची माती, ती माझ्या काचेवर. पहाटेपासून लिलावाचा गोंगाट, हमालांच्या हाका, ट्रकवाल्यांचे फोन. मी एकदाही बंद पडलो नाही. "हा फोन म्हणजे माझा उजवा हात आहे," असं अकबरभाई चारचौघांत सांगायचे. मला तेव्हा फार बरं वाटायचं. मग त्यांनी नवा फोन घेतला आणि उजवा हात काढून मुलीच्या हातात दिला.

मुलगी नाजिमा. बी.कॉम. झालेली, दुपारी लिलाव आटोपला की गाळ्यावर बसून बिलं करणारी. घरी तिची अम्मी नसीमबानू. या मायलेकी एक मालिका बघायच्या, 'धुक्यातली चौकी'. घाटातली एक पोलीस चौकी, रोज नवी भानगड. त्यात वैजनाथ नावाचा एक साधा हवालदार होता. एका भागात चौकीमागच्या दरडीतल्या खोल कपारीतून कुणीतरी हाक मारतं आणि वैजनाथ कंदील घेऊन बघायला जातो. गेला तो गेलाच. पुढच्या भागात साहेबाचं लग्न निघालं आणि वैजनाथाचं नाव कुणी काढीना.

नसीमबानू तीन दिवस जेवताना तेच बोलत होत्या. "अगं, कंदील घेऊन गेलेला माणूस असा सोडून देतात का? त्याच्या घरचे वाट बघत असतील की!"

"अम्मी, मालिका आहे ती."

"असेना. मालिकेतल्या माणसाला घर नसतं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी, यार्ड शांत झाल्यावर, नाजिमाने माझ्यावर पहिलं वाक्य लिहिलं. 'वैजनाथ दरडीत उतरला तेव्हा कंदिलाची काच गार होती.' मित्रांनो, माझ्यावर तोवर फक्त बटाट्याचे भाव लिहिले गेले होते. मला काही सुधरेना.

तिने गोष्ट एका साइटवर टाकली. टोपणनाव घेतलं 'कंदीलवाली'. वर स्पष्ट लिहिलं की मालिका आणि माणसं ज्यांची आहेत त्यांचीच आहेत, पुढची वाट फक्त माझी आहे. भीतीदायक भाग असेल तर आधीच सांगायची, लहान मुलांनी वाचू नये म्हणून. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तुम्हीही असंच करत जा.

आता ऐका, घोटाळा कुठे झाला तो. माझं खातं अजून अकबरभाईंच्याच नावाचं होतं. माझ्यावर जे लिहिलं जाई ते आपोआप त्यांच्या नव्या फोनवरही उमटे. एक दिवस ते गाळ्यावर चष्मा कपाळावर सरकवून मोठ्यांदा वाचायला लागले, "तळेगाव बटाटा... आग्रा बटाटा... 'आणि त्या हाताला बोटं नव्हती.' हे कुठल्या पार्टीचं आहे रे?"

नाजिमा लाजेने लाल झाली. "चुकून आलं असेल, अब्बा," म्हणाली आणि त्याच क्षणी तिने ती सोय बंद करून टाकली. तेव्हापासून ती जे लिहायची ते फक्त माझ्या पोटात राहू लागलं. साइटवर टाकेपर्यंत जगात दुसरीकडे कुठेही त्याची प्रत नसायची. मला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता! आता त्या अभिमानाची मला भीती वाटते.

गोष्ट लोक वाचत होते, आकडा वाढत होता. पण बोलायला कुणी तयार नाही. शेकडो माणसं येतात, वाचतात, पाय न वाजवता निघून जातात. नाजिमा मला दर थोड्या वेळाने उघडायची आणि तोंड पाडून बंद करायची. 'आवडलं' एवढं लिहायला काय हातापाया पडावं लागतं का हो? बोलला तो एकच, 'मूळप्रेमी' नावाचा गृहस्थ. त्याने लिहिलं, "मूळ मालिकेची आपण यथेच्छ वाट लावली आहे. आपणांस दुसरा काही छंद जमतो का, ते पाहावे." शुद्धलेखन अगदी निर्दोष. ते वाचून नाजिमाने सगळी गोष्ट काढून टाकायचं बटण दाबायला बोट उचललं. ते बोट माझ्या काचेला टेकायला आलं होतं आणि मी काही म्हणजे काही करू शकत नव्हतो.

तेवढ्यात दुसरा निरोप आला. लोणी काळभोरहून, ऋतिका नावाच्या कॉलेजच्या मुलीचा. "ताई, मी तुमची गोष्ट आमच्या बायडाआत्याला वाचून दाखवते. तिचा धाकटा भाऊ, माझा श्रीधरकाका, उसाच्या ट्रकवर गेला तो परत आलाच नाही. मी तेव्हा जन्मलेपण नव्हते. आत्या रोज विचारते, हवालदार घरी येतो का? प्लीज पुढचा पार्ट टाका ना."

नाजिमाने ते पुन्हा पुन्हा वाचलं. बोट बाजूला झालं. एक निरोप, मित्रांनो, त्याने अख्खी गोष्ट वाचवली.

त्यानंतर ती झपाटल्यासारखी लिहीत सुटली. वैजनाथ दरडीत खोल खोल जात होता, हाक जवळ येत होती. आणि इकडे माझ्या पोटातही काहीतरी वाढत होतं. आधी नुसती ऊब. मग पाठीचं झाकण एका कडेने उचललं गेलं. मग काच मधोमध जराशी वर आली आणि वैजनाथाची वाक्यं वाकडी दिसू लागली. दुरुस्तीवाल्या आफताबने मला हातात घेतलं आणि लगेच खाली ठेवलं.

"हा कधीपासून असा आहे? नाजिमा, ऐक माझं. आत जे असेल ते आजच्या आज बाहेर काढ. याला चार्जिंगला लावून झोपत तर नाहीस ना?"

"एकच भाग राहिलाय," ती म्हणाली. "तो झाला की देते."

"मग लिहिलंय तेवढं तरी पाठवून दे कुणाला."

"अजून नीट झालं नाही रे."

हे चार शब्द कान उघडे ठेवून ऐका. मी त्यानंतर ते रोज ऐकले. भाग जवळजवळ लिहून झाला होता, फक्त शेवटच्या ओळी राहिल्या होत्या! पण मूळप्रेमी काय म्हणेल, म्हणून एक वाक्य खोडायचं. बायडाबाईंना काय वाटेल, म्हणून ते परत लिहायचं. वैजनाथ परत दरडीच्या तोंडाशी येऊन उभा, आणि ही त्याला ना आत जाऊ देते ना बाहेर येऊ देते. मी तापत होतो. माझ्या अंगातून गोडसर, औषधासारखा वास यायला लागला होता. मला ओरडून सांगायचं होतं की बाई, पाठव, जसं आहे तसं पाठव. पण मला ओरडता येतं ते फक्त कुणी फोन केला तर, आणि शेवटच्या दुपारी कुणीही केला नाही.

त्या दुपारी तिला शेवट सापडला. मला तिच्या अंगठ्यांवरून कळलं. ते अडखळत नव्हते. ती रडत होती आणि लिहीत होती, समोर गिऱ्हाईक येऊन गेलं तरी तिला पत्ता नव्हता. शेवटचं वाक्य झालं. तिने डोळे पुसले. "एकदा वाचते आणि टाकते," असं पुटपुटली आणि पहिल्या ओळीपाशी गेली. माझी काच कट्‌कन उचलली गेली. सगळं काळं झालं.

आफताबने मला उघडायला साफ नकार दिला. "हात लावला तर भडकेल. मी जोखीम घेणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला घेऊही देऊ नकोस. वाळूत ठेव. ई-कचऱ्याची गाडी आली की देऊन टाक."

अकबरभाईंना सगळं कळलं ते तेव्हा. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "ते बोटं नसलेलं वाक्य तुझं होतं? अगं, राहू द्यायचंस की माझ्या फोनवर. बटाट्याच्या भावाशेजारी पडून राहिलं असतं, मला काय जड होतं?"

नाजिमा त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. मी डब्यात होतो, पण ऐकू येत होतं.

नवा फोन आला. शेवटात काय घडतं ते तिला आठवत होतं, कसं लिहिलं होतं ते आठवत नव्हतं. दोन ओळी लिहायची आणि पुसायची. महिना उलटला. आणि एका सकाळी ती गॅलरीत तणतणत आली.

"अम्मी, बघ हे! त्या ऋतिकाने माझ्या गोष्टीचा शेवट लिहून टाकलाय! विचारलं पण नाही मला!"

नसीमबानू पुदिना खुडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "तू मालिकावाल्यांना विचारायला गेली होतीस वाटतं?"

मला वाळूतसुद्धा हसू आलं.

मग नाजिमाने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. वर लिहिलं होतं: 'मालिका त्यांची, वाट कंदीलवालीताईंची, शेवट बायडाआत्याचा. मी फक्त टाइप केलंय. ताई, तुम्ही बऱ्या असाल ना?' आणि खाली बायडाबाईंचं बोलणं जसंच्या तसं. "वैजनाथ हरवल्याला न्हाई. दरडीपल्याड वस्ती हाय. कंदील इझला म्हून त्यो तितं ऱ्हायला. मग लाज वाटाया लागली. इतक्या दिसांनी कुठल्या तोंडानं जायाचं, म्हून ऱ्हायलाच. पर बहीण काय तोंड बघून घरात घेती व्हय? त्याला म्हनावं ये. जेवान झाकून ठिवलंय. दाराला कडी न्हाई."

नसीमबानूंनी पदराने डोळे टिपले. "हे लिहून ठेवलं ते बरं केलं त्या पोरीने," म्हणाल्या.

खाली मूळप्रेमी हजर होताच. "गावंढळ भाषा. वाचवत नाही." पण या वेळी त्याच्याखाली रांग लागली होती. इतके दिवस पाय न वाजवता जाणारे सगळे बोलले. कुणी लिहिलं, आत्यांना नमस्कार सांगा. कुणी लिहिलं, आमच्याकडेही एकजण असाच गेलाय. नाजिमाने लिहिलं, "आत्या, हा शेवट असाच राहू द्या. माझा वेगळा आहे. तोही मी लिहिणार आहे. दोन्ही राहतील."

मित्रांनो, गोष्ट तिथे संपली असती तर मी सुखाने कचऱ्याच्या गाडीत बसलो असतो.

उद्या ती गाडी येणार आहे. थंडी संपून आता पुण्याचं ऊन चढायला लागलंय. दुपारी डब्याचा पत्रा तापतो, वाळू तापते, आणि आतून मीही. आज दुपारी नाजिमा माझ्या शेजारीच नवा फोन घेऊन बसली होती. तिचा अंगठा अडखळत नव्हता. तो आवाज मी ओळखतो. मग तो थांबला.

"झालं लिहून?" नसीमबानूंनी आतून विचारलं.

"झालंय."

"मग दे की पाठवून. ती बाई वाट बघतेय."

नाजिमा पुन्हा पहिल्या ओळीपाशी गेली. मग म्हणाली, "अजून नीट झालं नाही गं, अम्मी."

आणि फोन कुंडीशेजारच्या कठड्यावर उन्हात ठेवून ती आत गेली. नवा, गुळगुळीत, सपाट पाठीचा पोरगा. त्याला वाटतंय की गोष्ट आपल्या पोटात आहे म्हणजे सुरक्षित आहे. मलाही तसंच वाटायचं.

मित्रांनो, तुम्ही वाचणारे असाल तर वाचून मुकाट्याने जाऊ नका, दोन शब्द टाका. लिहिणारे असाल तर नीट होण्याची वाट बघू नका, कारण आमची पोटं तुमच्यासाठी थांबत नाहीत. वैजनाथाचं काय झालं ते मला माहीत आहे. पण ते सांगणं तिचं काम आहे, माझं नाही. म्हणून मी नुसता या डब्यातून कान देऊन ऐकतोय, आतून तिची पावलं येतात का ते. नाजिमा, ये गं बाहेर. ऊन वाढलंय. तो फोन उचल आणि पाठवून दे.