हेडमास्तरांवरची ताडपत्री

दवाखान्यातल्या खाटेवरून बाबांनी फोनवर सांगितलं ते एवढंच: "पंप बंद कर. पाणी वीतभर उतरव. वर जाळी बांध. बाकीचं मासे बघून घेतील." आणि फोन ठेवला.

बारकीला ते जरा लागलं. भौतिकशास्त्रात एमएस्सी झालेल्या मुलीला चार वाक्यांत गुंडाळायचं म्हणजे काय. घरात तिला अजून बारकीच म्हणत, हा एक अपमान ती रोज पचवत होतीच. त्यात ही भर. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा परसातला माशांचा हौद कोणी सांभाळायचा असा प्रश्न निघाला होता आणि बाबा म्हणाले होते, दादाला बोलावून घ्या. दादा परगावी नोकरीला. त्याच्या लेखी मासा हौदात काय आणि ताटात काय, सारखाच. तेव्हा बारकीच पुढे झाली होती. "मी आहे ना बाबा. एवढं शिकलेय ते कशासाठी?" बाबांनी तिच्याकडे नुसतं बघितलं होतं.

आता संध्याकाळी वादळ येणार होतं आणि उद्या बाबा घरी येणार होते.

हौदात लहानमोठे बरेच मासे होते, पण खरा कारभार हेडमास्तरांचा. नारिंगी रंग विटत आलेला, ओठांच्या कडेला मिशा, आणि पोहण्याची तऱ्हा अशी की जणू प्रत्येक वर्गाच्या दारातून डोकावत फेरी चाललीय. आई गेल्यापासून बाबा रोज सकाळी चहाचा कप घेऊन काठावर बसत आणि हेडमास्तरांशी बोलत. काय बोलत ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी जवळ गेलं की बाबा गप्प होत आणि मासा तळाशी जाई. माणसांच्या वाट्याला 'मीठ कमी आहे' आणि 'दार लावून घ्या' एवढंच येई. म्हणजे हेडमास्तरांचं काही बरंवाईट झालं तर बाबांना बोलायला घरात कोणी उरणार नव्हतं, हे बारकीला स्वच्छ दिसत होतं.

तिने पंप बंद केला, पाणी उतरवलं, जाळी बांधली. जेवणाच्या आत काम संपलं. शिक्षण मात्र उरलं होतं.

"पावसाचं पाणी आम्लधर्मी असतं," ती जेवता जेवता आत्याला म्हणाली. "एकदम एवढं पाणी हौदात पडलं तर माशांना सोसणार नाही. वर ताडपत्री घालायला हवी."

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. भावाच्या आजारपणासाठी म्हणून आली होती आणि घराचा ताबा घेऊन बसली होती. "तुझ्या बाबाने सांगितलीय ताडपत्री?"

"बाबांना आम्लतेचं काय माहीत?"

"त्याला नसेल. पण तळ्यातल्या माशांवर कोण गं छत्री धरतं?"

"तळं मोठं असतं, आत्या. हौदात पाणी किती, पाऊस किती, हे गुणोत्तर बघावं लागतं."

"बघ बाई. भात वाढू का अजून, तेवढं सांग."

ताडपत्री शेजारच्या काकांकडे होती. त्यांच्या गाडीवर घातलेली. काकांनी ती काढून दिली, पण तोंड असं केलं की जणू अंगावरचा सदरा उतरवून देताहेत. "सकाळी परत दे हो. आणि फाडू नकोस."

"काका, मी वाऱ्याचा दाब काढलाय," बारकी म्हणाली. काकांना त्याने धीर आला असेल असं तिला वाटलं.

पुढची सगळी दुपार ती हौदाभोवती फिरत होती. ताडपत्रीला उतार दिला तर वारा खालून शिरणार आणि ती शिडासारखी फुगणार. तेव्हा उतार नको. अगदी सपाट हवी, ढोलाच्या कातड्यासारखी ताणलेली. तिने कडा विटांनी दाबल्या, विटांवर कुंड्या ठेवल्या, कोपरे खुंट्यांना बांधले, आणि मग बोटाने टिचकी मारून बघितली. ढब्ब असा आवाज आला. इतका समाधानाचा आवाज तिने पदवीच्या निकालानंतर ऐकला नव्हता.

वादळ वेळेवर आलं. दोघी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभ्या राहिल्या. शेजाऱ्यांची प्लास्टिकची खुर्ची परसातून चालत गेली. कुणाचा तरी पत्रा कुठेतरी आपटत होता. वीज गेली. पेरूच्या झाडाने हौदाकडे वाकून नमस्कार केला आणि परत उभं राहिलं. ताडपत्री मात्र जागची हलली नाही.

"बघ," बारकी म्हणाली. "एक कोपरा तरी हलतोय का?"

"नाही हलत," आत्याने मान्य केलं. मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण ते मधे काय चकाकतंय गं?"

बारकीने डोळे बारीक करून पाहिलं. ताडपत्रीच्या मधोमध पाणी साचलं होतं. उतार नसलेल्या जागी पाणी साचतं, हे सातवीतल्या मुलालाही सांगावं लागत नाही. चौरस मीटरभर जागेवर बोटाच्या पेराएवढं पाणी साचलं तर त्याचं वजन बादलीभर होतं, हे उदाहरण तिने स्वतः शिकवणीच्या मुलांकडून घोटून घेतलं होतं. एक मुलगी चुकली तेव्हा तिला ओरडलीही होती. वाऱ्याचा हिशेब करताना पाऊस म्हणजे फक्त आम्लता असंच तिच्या डोक्यात होतं. त्याला वजनही असतं हे त्या दुपारी कुठे बाहेरगावी गेलं होतं कोण जाणे.

ती धावत बाहेर गेली. तोवर ताडपत्री पोट सुटल्यासारखी खाली उतरली होती, जाळीला घेऊन थेट हौदाच्या पाण्यात. बाबांनी उतरवायला सांगितलेली वीतभर जागा केव्हाच भरून गेली होती आणि हौदाचं पाणी काठावरून परसात सांडत होतं. पाण्यावर हवेला फट म्हणून उरली नव्हती. पंप तर तिनेच बंद केलेला. खालून कोणीतरी ताडपत्रीला धक्के देत होतं. मोठे, थांबून थांबून.

तिने एक कड उचलून पाहिली. उचलेना. मग तिला सायफन सुचलं, कारण ते तिचं आवडतं तत्त्व होतं. बागेचा पाइप तोंडाने ओढला, घोटभर गढूळ पाणी प्यायली, आणि पाइप वाहायला लागला. मोठ्या डौलात वाहायला लागला. फक्त त्यातून जात होतं त्याच्या कितीतरी पट वरून येत होतं.

आत्या उलटी झालेली छत्री एका हातात आणि स्वयंपाकघरातली कात्री दुसऱ्या हातात घेऊन आली. "काप."

"काकांची आहे, आत्या."

"काकांचं मी बघते. तुझ्या बाबाचं कोण बघणार? काप."

बारकीने कापली. ज्या पाण्याचा थेंब आत जाऊ नये म्हणून तिने अख्खी दुपार घालवली होती ते सगळं एका दमात हौदात कोसळलं. ती काठावरून आत उतरली, फाटकी ताडपत्री ओढून बाहेर फेकली, ताणलेली जाळी वर केली. त्या धांदलीत काहीतरी जड, खरखरीत तिच्या हाताला घासून गेलं आणि गढूळ पाण्यात नाहीसं झालं.

सकाळी आभाळ असं होतं की आपण त्या गावचेच नाही. हौदाचं पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं. लहान मासे वर येऊन तोंडं हलवत होते. हेडमास्तर नव्हते. बारकीने जाळीच्या कडेने, पंपामागे, सगळीकडे काठी फिरवली. काठी रिकामीच परत आली. निदान काहीतरी करायचं म्हणून तिने चाचणीची पट्टी पाण्यात बुडवली. आम्लता काल मोजली होती तेवढीच होती.

"म्हणजे?" आत्याने विचारलं.

"हौद सिमेंटचा आहे. सिमेंटमध्ये चुना असतो. तो आम्ल मारतो."

"आणि हे तुला..."

"माहीत होतं. परीक्षेत लिहिलं होतं."

शेजारचे काका येऊन ताडपत्री उलगडून बघून गेले. "मधे खिडकी कशाला ठेवलीस?" एवढंच म्हणाले.

बाबा आले ते वॉकर धरून, घरात न जाता सरळ परसात. आत्याने खुर्ची आणून ठेवली. बारकीने सगळं एका दमात सांगून टाकलं: ताडपत्री, वजन, कात्री, चुना. "आणि हेडमास्तर सकाळपासून दिसत नाहीयेत," हे शेवटी. बाबा पाण्याकडे बघत ऐकत होते. मग त्यांनी वाकून काठावर बोटं ठेवली. "या मास्तर. आलो मी."

बराच वेळ काही झालं नाही. बारकीला तिथून उठून कुठेतरी परगावी नोकरी धरावीशी वाटली. मग चहाच्या रंगात एक विटका नारिंगी पट्टा हलला. हेडमास्तर वर आले. पाठीवरचे खवले एका जागी खरवडले होते, पण मिशा जिथल्या तिथे होत्या. बारकी पुढे वाकली, तसे ते झटक्यात खाली गेले. ती मागे सरली. ते वर आले. पुन्हा वाकली, पुन्हा गेले.

"ओळखलं बरं त्याने," आत्या दारातून म्हणाली.

"बस इथे," बाबा बारकीला म्हणाले. "वाकू नकोस. हातात काही घेऊ नकोस. त्याला तुझी सवय व्हायला हवी."

ती ओल्या काठावर बसली, हात मांडीवर ठेवून. हेडमास्तर पलीकडच्या कोपऱ्यात थांबून राहिले. मग बाबांचं नेहमी तिच्या पाठीमागे चालणारं ते बोलणं तिच्यासमोर सुरू झालं. "काल काय झोप नाही, मास्तर. शेजारच्या खाटेवर एक गृहस्थ होते, ते असे घोरत की नर्स येऊन त्यांची नाडी बघे. मला वाटलं, वादळ इथेच शिरलंय. आणि माझ्या डोक्यात सारखं तुमचं. हिला तीन गोष्टी सांगितल्या होत्या, पण हिची आई पण अशीच. तीन सांगितल्या की चौथी करणार." पूर्ण वाक्यं होती, एकाला एक जोडलेली.

ही वाक्यं माशासाठी की आपल्यासाठी, हे बारकीला कळेना. विचारलं तर कदाचित ती थांबतील. या एका बाबतीत तिने चाचणी घ्यायची नाही असं ठरवलं.

"मग त्या गृहस्थांचं काय झालं?" तिने विचारलं, हळूच, पाण्याकडेच बघत.

"त्यांचं ना," बाबा म्हणाले, आणि दुखरा पाय जरा लांब करून सांगायला लागले.