तेली आळीचा धोंडा

वडखळकडून आलेली पांढरी गाडी तेल्यांच्या कबरींपाशी थांबली आणि तिच्यातून एक म्हातारी बाई आणि एक दाढीवाला परदेशी उतरला, ही बातमी जनूला बाहेरकाठ्यावर मिळाली. बाहेरकाठा म्हणजे खाडी आणि भातशेती यांच्या मधला मातीचा लांबलचक बांध. पलीकडे खारं पाणी, अलीकडे खारदेवळी गावाची सगळी शेती. जनू गुडघाभर चिखलात उभा राहून खेकड्याने पाडलेलं भोक बुजवत होता. बातमी हरेशने आणली. ऐकल्याबरोबर जनूच्या हातातला चिखलाचा गोळा खाली पडला.

"तेल्यांचीच मानसं कशावरनं?" त्याने विचारलं.

"कबरस्तानात दुसरं कोन हवा खायला जाईल, काका? त्यो दाढीवाला फोटो काढतो, वहीत लिवतो. एकेका कबरीवर बारका बारका खडा ठेवत चाललाय. मोजनी हाय ती. आमच्या कंपनीचे सर्वेवाले पन अशाच खुणा करतात."

हरेश डोलवीच्या कारखान्यात कंत्राटावर शिफ्टला जायचा, त्यामुळे जगातल्या सगळ्या मोजण्या आपल्याला कळतात असा त्याचा समज होता. बाहेरचा माणूस गावात आला की तो जमीन घ्यायलाच आला, हे त्याने गावाच्या गळी उतरवलं होतं. आणि गेल्या काही वर्षांत तसे इतके जण येऊन गेले होते, की त्याला खोटं तरी कोण पाडणार?

पण जनूला जमिनीची भीती नव्हती. त्याने मान वळवून खाडीकडे पाहिलं. भांगाचे, लहान भरतीचे दिवस होते. सकाळी भरलेली खाडी आता उतरायला लागली होती. दुपारी बाराच्या सुमारास बांधाचं पोट उघडं पडणार होतं आणि त्या पोटात, लव्हाळ्याच्या बेटापाशी, तो काळा धोंडा होता.

तेली म्हणजे गावातले यहुदी. तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी तो बंद ठेवायचे, म्हणून शनवार तेली. त्यांची चार घरं होती. बासष्ट सालापर्यंत एकेक करत ती इस्रायलला गेली. आळी रिकामी झाली, घाणा कुजला, राहिल्या त्या कबरी. बाकीच्या साध्या जांभ्याच्या. एकच कबर थाटाची होती, मिरियमबायची. तिच्या मुलांनी पनवेलच्या पाथरवटाकडून मोठी काळी फरशी घडवून आणली होती, वर त्यांची हिब्रू अक्षरं आणि खाली मराठीत नाव.

एकोणनव्वदच्या पावसात भर दुपारी उधाणाचं पाणी बांधावर चढलं आणि खांड पडली. खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. ती तासाभरात बुजली नाही तर खारं पाणी शेतात शिरतं आणि पुढची तीन वर्षं तिथे भाताचा दाणा पिकत नाही. अशा वेळी खाडीकाठच्या या खारेपाटातली रीत एकच, घरटी एक माणूस आणि एक धोंडा. बांधावर उभं राहून घरांची नावं पुकारायची, ज्याचं नाव येईल त्याने "हाय" म्हणायचं आणि आपला धोंडा खांडीत टाकायचा. पुकारा करायचं काम जनूच्या घराण्याकडे. त्या दिवशी सगळ्या घरांचे धोंडे पडले, पाटे गेले, जाती गेली, तरी खांड तोंड मिटेना. तेव्हा जनूच ओरडला होता, "मिरियमबायची फरशी आना!" सहा जणांनी ती आणली. अक्षरांची गुळगुळीत बाजू लाटेकडे ठेवून तिरपी बसवली. खांड जागच्या जागी थांबली.

गाव वाचलं. आणि गावाने ठरवून टाकलं की याबद्दल कधी बोलायचं नाही. सात वर्षं कोणी बोललंही नव्हतं.

मारुतीच्या देवळापुढे दहा-बारा माणसं जमली होती. बरेचसे गवत कापून आलेले, कमरेला कोयते तसेच. हरेशचा आवाज सगळ्यांत वर.

"कबर उकरली म्हनून आत टाकतील आपल्याला. वर फरशी काढून मागतील. काढली की खांड! म्हनून सांगायचं, पुरात वाहून गेली. बस. आनि जनूकाकानी सांगायचं, तेल्यांना वळखतात ते."

"मीच का?" जनूने विचारलं.

"तुमीच आनायला लावलीत ना?"

जनू हातपाय न धुताच निघाला. मागून दहा-बारा कोयते निघाले. त्यांच्या मनात काही नव्हतं, कोयता कमरेला असतो म्हणून होता. पण कबरस्तानातल्या त्या दाढीवाल्याने चिखलाने माखलेला म्हातारा आणि त्याच्यामागे कोयतेवाल्यांची रांग येताना पाहिली आणि तो पांढराफटक पडला. म्हाताऱ्या बाईचा दंड धरून तो तिला गाडीकडे ओढायला लागला. ती जागची हलली नाही. डोळ्यांवर हात धरून ती जनूकडे बघत राहिली.

"जनू रं? तो शेंबड्या जनू?"

बाई परदेशी असेल, चष्म्यातून बघेल, इंग्रजीत काहीतरी विचारेल आणि आपण हात हलवून सुटू, असं तो मनाशी घोकत आला होता. ही तर डेबोरा होती. मिरियमबायची मधली पोर, त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, खाडीत खेकडे कसे धरायचे ते त्याला शिकवणारी. तेल्यांना खेकडा चालायचा नाही, म्हणून धरलेला प्रत्येक खेकडा ती जनूला द्यायची.

"व्हय बाय," तो म्हणाला. "मीच."

"ह्यो माजा नोआ. तिकडंच जल्मला, त्याला आपली बोली येत नाय. तुमाला बघून घाबरलाय." ती हसली, मग तिचं हसू मावळलं. "जनू, माज्या आयची कबर कुटं हाय रं? दोन तास शोधतेय. हितंच चिंचेखाली व्हती ना? नुसता खड्डा हाय."

मागे हरेश खाकरला. जनूने खाडीच्या दिशेला नजर टाकली. चिखलाची काळी कड दिसायला लागली होती.

"पुरात गेली, बाय," तो म्हणाला. "एकोननव्वदच्या पुरात."

बोलताना त्याची जीभ इतकी जड झाली, की हिला कळलंच असणार असं त्याला वाटलं. डेबोराने चिंचेच्या झाडाकडे पाहिलं, मग शेजारच्या कबरींकडे. त्या सगळ्या जागच्या जागी होत्या. हलक्या जांभ्याचे दगड राहिले आणि पाच-सहा माणसांशिवाय न हलणारी फरशी तेवढी वाहून गेली? खाली वाकून तिने एक खडा उचलला आणि त्या रिकाम्या खड्ड्याच्या काठावर ठेवला. मोजणी वगैरे काही नव्हती ती. आईला भेटून गेल्याची खूण होती, हे जनूला बघताक्षणी कळलं आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. भीती मात्र कमी झाली नाही.

"चला बाय, घरी चला," तो घाईने म्हणाला. "घरवाली च्या ठेवील. मग तुमाला जेवनाच्या आधी वडखळला..."

"च्या मागनं. आधी बाहेरकाठ्यावर जाते. खाडी बघते. पुन्ना काय माजं येनं व्हनार नाय."

आणि ती निघालीसुद्धा. साठीची बाई, पण बांधाची वाट तिच्या पायांना अजून पाठ होती. जनू तिच्यामागे नुसता धावत राहिला. "चिखल हाय", "साप निघतात", जे सुचेल ते सांगत राहिला. बांधावर चढल्यावर त्याने खाली पाहिलं. पाणी लव्हाळ्याच्या बेटाखाली गेलं होतं. काळ्या धोंड्याची वरची कड ओली चकचकत होती. पाणी आणखी थोडं उतरलं, की अक्षरं उघडी पडणार.

हरेशनेही ते पाहिलं. तो पुढे धावला आणि हात पसरून वाट अडवून उभा राहिला.

"पुढं जायाचं नाय! बाहेरच्यांना बांधावर मनाई हाय."

"कवापासनं?" डेबोराने विचारलं. "ह्या बांधावर मी माती टाकलीय पोरा. तुज्या आजाच्या जोडीनं."

नोआला शब्द कळले नाहीत, पसरलेले हात आणि कमरेचा कोयता कळला. आईच्या पुढे येऊन त्याने कॅमेरा वर केला. पुढे काही झालंच तर पुरावा असावा, एवढंच त्याच्या मनात असावं. हरेशला वाटलं, हा धोंड्याचाच फोटो घेतोय. त्याने कॅमेऱ्यावर झडप घातली. झटापटीत नोआचा पाय बांधाच्या कडेवरून सुटला आणि तो खाडीच्या अंगाला घसरत खाली गेला.

डेबोराने किंकाळी फोडली. बघता बघता नोआ मांडीपर्यंत रेंद्यात, खाडीच्या मऊ चिखलात रुतला. खाडीचा रेंदा धडपड करणाऱ्याला आणखी आत घेतो, हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. नोआला कोण सांगणार? तो हातपाय मारत होता, आपल्या भाषेत ओरडत होता आणि कंबरेपर्यंत खाली चालला होता. वर उभ्या असलेल्यांत एकालाही हलण्याचं सुचेना. एकदा ओठांवर आलेलं खोटं माणसाला किती जखडून ठेवतं, ते जनूला त्या क्षणी कळलं. कारण नोआच्या डाव्या हाताला, पुरुषभर अंतरावर, त्या सगळ्या रेंद्यात पाय टेकायला घट्ट अशी एकच जागा होती.

जनूने उडी मारली. बांधाच्या पोटाला धरून तो धोंड्यावर उतरला, धोतराचा सोगा सोडून नोआकडे फेकला आणि पालथा पडून ओढायला लागला. "हरेश! ये खाली! धर!" त्या हाकेने हरेशला जाग आली. दोघांनी मिळून नोआला ओढून काढलं, धोंड्यावर आणलं.

नोआ हात-गुडघे टेकून धापा टाकत होता. त्याच्या अंगावरून ओघळणाऱ्या पाण्याने धोंड्यावरचा गाळ धुतला जात होता. धापा टाकता टाकता त्याचं लक्ष आपल्या हातांखाली गेलं. त्याने तळव्याने गाळ पुसला. मग आणखी पुसला. खालची मराठी अक्षरं त्याला येत नव्हती, पण वरची येत होती. त्याने ओळीवर बोट फिरवत मोठ्याने वाचलं,

"मिरियम."

जनू धोंड्यावर बसून राहिला. आता काय व्हायचं ते होऊ दे, असं त्याला वाटेना, कारण काय काय होऊ शकतं ते सगळं त्याला दिसत होतं. पोलिसांची गाडी, उचकटलेला बांध, पांढरी पडलेली शेतं, घरं सोडून कामासाठी वणवण करणारं गाव. आणि सगळ्यांत पुढे डेबोराचा चेहरा.

"मी आनली, बाय," तो वर न बघता म्हणाला. "खांड पडली व्हती. सगल्या घरांचे धोंडे टाकले तरी भागंना. गाव चाललं व्हतं. मीच बोल्लो, फरशी आना. ह्या पोरांचा दोष नाय."

डेबोरा बसत बसत, हात टेकत बांध उतरली. कोणी तिला अडवलं नाही, कोणी हातही दिला नाही. फरशीवर येऊन तिने नावावरून हात फिरवला. मग तिने जनूच्या थोबाडीत मारली. साठी गाठलेल्या बाईच्या हाताने अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाच्या थोबाडीत, सगळ्या गावासमोर.

"ही धोंड्यासाटी नाय," ती म्हणाली. "पुरात गेली म्हनालास, त्यासाटी. माजी आय वाहून गेली म्हनालास."

जनू ढसाढसा रडायला लागला. ती त्याच्याशेजारी फरशीवर बसली. मग तिने विचारलं, "घरटी एक धोंडा, तीच रीत हाय ना अजून?"

"व्हय."

"तवा तेल्यांच्या घराचा पुकारा केलास?"

"घर रिकामं, बाय. तुमी गेल्यापासनं कधीच नाय केला. कुनाला पुकारनार?"

"पुकारला नाय तरी आमचा धोंडा पडलाच की." तिने फरशीवर तळवा ठेवला. "हितंच राहू दे. पन आता पुकारत जा."

एवढंच. मग तिने नोआला त्याच्या भाषेत काहीतरी समजावलं. फरशीवर ठेवायला तो खडा शोधत होता, पण खाडीच्या रेंद्यात खडा कुठला मिळणार? शेवटी हरेशने बांधावरून एक आणून दिला, कॅमेऱ्याबरोबर. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

पुढच्या श्रावणातल्या पुनवेला उधाण आलं. दुपारी पाणी बांधाच्या माथ्याला लागलं, पाऊस कोसळत होता आणि सगळं गाव टोपल्या, धोंडे घेऊन बाहेरकाठ्यावर उभं होतं. लव्हाळ्याच्या बेटापाशी लाटा आपटत होत्या. तिथली माती हलली तर काय, या धास्तीने सगळे तिकडेच बघत होते. जनूने पुकारा सुरू केला. एकेक घर "हाय" म्हणत गेलं. सात-आठ घरांनंतर तो थांबला.

"तेल्यांचं घर?" त्याने पुकारलं.

माणसं वळून त्याच्याकडे बघायला लागली. मग लव्हाळ्याच्या बेटाकडून, जिथे हरेश टोपली घेऊन उभा होता तिथून, ओरडून उत्तर आलं.

"हाय!"

जनूने पुढचं घर पुकारलं.